वहीतली सहावी ओळ

"काकू, खरं सांगा, ही प्रयोगाची वही आहे की रुखवतात मांडायला केली होती?"

वल्लरीने निळ्या पुठ्ठ्याची जुनी वही दोन्ही हातांनी उचलून दाखवली. समास पट्टीने आखलेला, मथळ्याखाली दुहेरी रेघ, आकडे एका साच्यातून काढल्यासारखे. अख्ख्या पानावर खाडाखोड म्हणून नाही.

"आमच्या वेळी अक्षराला मार्क असायचे," रेखाकाकू म्हणाल्या. त्या कपाटातल्या बाटल्या एकेक पुसून खोक्यात ठेवत होत्या. "तुझ्या अक्षराला आमच्या सरांनी वर्गाबाहेर उभं केलं असतं."

"माझं अक्षर राहू द्या हो. तुमच्या या सुंदर अक्षरातलं प्रोटीन माझ्याकडे ढिम्म हलत नाहीये. सातवा महिना, काकू! तुम्ही लिहिलंय तसंच करते. ओळीन्‌ ओळ."

काकूंच्या हातातलं फडकं क्षणभर थांबलं, मग पुन्हा फिरू लागलं.

रेखा किन्हीकर. वय चौसष्ट. परदेशात, पिस्कॅटवे गावातल्या विषाणूंच्या एका लॅबमध्ये एकतीस वर्षं टेक्निशियन. नावापुढे डॉक्टर नाही, पण लॅबमध्ये नवा आलेला प्रत्येक डॉक्टर पहिला आठवडा त्यांच्या मागेमागे फिरे. कोणती बाटली कुठे, कोणतं यंत्र कुठल्या बाजूने थोपटलं की चालू होतं, सगळं त्यांना विचारायचं. लॅबच्या प्रमुख कॅरल एकच वाक्य सांगत आलेल्या, "रेखा करते तसं कर." आता कॅरल निवृत्त होणार होत्या, लॅब बंद होणार होती आणि महिनाअखेरीस काकूही घरी बसणार होत्या. उरली होती वल्लरी, लॅबची शेवटची विद्यार्थिनी. पुण्याहून आलेली, पीएचडीच्या पाचव्या वर्षाला, तोंडाने फटकळ आणि हाताने चोख. दोघीच असल्या की मराठी, कॅरल आत आल्या की इंग्रजी.

वल्लरीचं घोडं अडलं होतं ते 'पी-नाइनटीन'पाशी. हे एका साध्या, सर्दी-डोळे आणणाऱ्या विषाणूचं प्रथिन. विषाणूकडे जीन्स मोजकेच, पण पेशीत शिरल्यावर तो ते सगळे एकदम उघडत नाही. आगाऊ पाहुणा जसा आधी स्वयंपाकघरात शिरून बस्तान मांडतो आणि मग एकेक फर्माईश सोडतो, तसं त्याचं असतं. कोणता जीन आधी वाचायचा, कोणता नंतर, हे पेशीच्या यंत्रणेला सांगणारा कुणीतरी लागतो. तो सांगणारा म्हणजे पी-नाइनटीन, असं या लॅबला वाटत होतं. आणि तसं वाटायला पुरावा एकच होता. मे १९९३, निळी वही, पान बेचाळीस. परीक्षानळीत पेशींचा अर्क, विषाणूचा एक जीन आणि पी-नाइनटीन एकत्र केलं, आणि बंद असलेला जीन चालू झाला. त्या पानानंतर ते कुणालाच जमलं नाही. खुद्द रेखालासुद्धा.

"कॅरल म्हणाली, सोडून दे," वल्लरीने वही टेबलावर ठेवली. "पुढच्या शुक्रवारी सेमिनार. कमिटीचे चारही जण समोर. तोवर काही दिसलं नाही तर थीसिसचा हा चॅप्टर कॅन्सल, आणि माझं एक वर्ष गेलं. तेही दुसऱ्या कुणाच्या तरी लॅबमध्ये, सावत्र मुलीसारखं. एकदाच प्रोटीन काढण्याइतका वेळ आहे, बस."

"होईल गं."

"कसं होईल? तुम्हीच सांगा, तुमच्या हाताला तेव्हा काय लागलं होतं?"

काकू हसल्या. असंच काहीसं त्यांनी एकतीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं, फक्त इंग्रजीत. पलीकडच्या टेबलावरचा संशोधक येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायचा, "ते फक्त रेखाच्या हातून होतं." ऐकणाऱ्यालाही हसू येई. त्या हसण्यात काय होतं ते रेखाला चांगलं कळायचं.

तेव्हाची रेखा तेहतीस वर्षांची. अमरावतीहून एमेस्सी केलेली, लग्न होऊन इकडे आलेली, चार वर्षं घरात काढून मग या लॅबमध्ये चिकटलेली. नोकरीचा चौथा महिना. लॅब तेव्हा जुन्या विटांच्या इमारतीत होती. तिथल्या वाफेच्या नळ्या हिवाळाभर म्हाताऱ्यासारख्या खोकत. जिन्यात सतत जीवाणू वाढवायला उकळलेल्या अगारचा वास, तो तिला थेट अमरावतीच्या कॉलेजात नेऊन सोडायचा. दुपारी ती थर्मासातला आल्याचा चहा जिन्यातच बसून प्यायची, कारण लॅबमध्ये प्यायला बंदी होती आणि कॅफेटेरियात एकटीने बसायची लाज वाटायची. त्या जिन्यात बसून तिने वडिलांना किती एअरमेलची पत्रं लिहिली असतील! बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. मे महिन्यातल्या त्या पत्राला त्यांचं उत्तर आलं होतं: "तुझा विषाणू कुणाचं ऐकतो हे तू शोधलंस हे मी शाळेत सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनीही वाजवल्या, पण त्यांना कळलं नसावं." पुढचे प्रयोग फसले हे तिने त्यांना कळवलंच नाही. पुढच्या वर्षी ते गेले. त्यांच्यापुरता तो विषाणू कायम रेखाचंच ऐकत राहिला.

दुसऱ्या दिवशी जेवताना वल्लरी डबा तसाच ठेवून लॅपटॉप उघडून बसली.

"काकू, इकडे बघा. कॉम्प्युटरने पी-नाइनटीनची घडी अशी काढलीय. ही माळ बघा. माळेत हे चार मणी, चार सिस्टीन. सरळ माळेत एकमेकांपासून केवढे लांब! पण घडी पडली की चौघे समोरासमोर येतात."

"फेर धरल्यासारखे."

"एक्झॅक्टली! आणि असे चौघे जवळ आले की मध्ये बहुतेक काहीतरी धरलेलं असतं. झिंक. जस्ताचा एक कण."

"एका कणाने एवढं काय होतंय?"

"निऱ्यांना पिन लावता ना तुम्ही? तसं. पिन काढली तर साडी आहे, पण नेसलेली नाही. प्रोटीन आहे, पण त्याला आकार नाही. मग ते डीएनएला धरणार कसं, जीन चालू करणार कसं? भरपूर विषाणू ही युक्ती वापरतात."

काकूंनी हातातला घास डब्यात परत ठेवला. "मग... मग जस्तच असेल."

"नाही ना! तिथेच तर गाडी अडते." वल्लरीने बाजूची निळी वही ओढली आणि बोट ठेवलं. "सहावी ओळ. ईडीटीए. तुमच्या बफरच्या द्रावणात ईडीटीए आहे, आणि ईडीटीए म्हणजे धातू दिसला की मिठी मारणार. प्रोटीनमधला झिंक ते उपसून काढतं. म्हणजे झिंकची गरज असती तर तुमचा प्रयोग चाललाच नसता. पण तो चालला. थोडक्यात, झिंक नाही. माझी सगळ्यात सुंदर आयडिया तुमच्या सहाव्या ओळीने मारली, काकू."

ती हसून पोळी तोडायला लागली. रेखाकाकूंनी डबा बंद केला.

"काय झालं? भाजी संपली नाही तुमची."

"नको वाटतंय."

सहाव्या ओळीतलं ईडीटीए बफरमध्ये नव्हतं. ते फक्त वहीत होतं.

कॉलेजात जर्नल असायचं. प्रयोगाला जायच्या आदल्या दिवशी कृती सुवाच्य अक्षरात लिहून न्यायची, कारण प्रयोगाच्या गडबडीत लिहिलं तर खाडाखोड होते आणि खाडाखोडीचे मार्क कापतात. सगळा वर्ग तेच करायचा, सरांनाही ते ठाऊक असायचं. रेखाने ती सवय विमानातून सोबत आणली. त्या दिवशीही सकाळी आधी पान लिहिलं, आठही ओळी, आणि मग बफर करायला उठली, तर ईडीटीएची बाटली रिकामी. नवी यायला आठवडा. जीवाणूंमधून प्रोटीन काढायचं काम अर्ध्यावर होतं, थांबवता येत नव्हतं. तिने न घालताच पुढे काम रेटलं. ओळ खोडायला पेन उचललंही होतं. पान इतकं स्वच्छ दिसत होतं की हात झाला नाही. नंतर बघू, म्हणाली.

आणि प्रयोग चालला!

मग नवी बाटली आली. ईडीटीए घालायचं ते प्रोटीन सडू नये म्हणून. त्याला कुरतडणाऱ्या विकरांनाही धातू लागतो, तो हे काढून घेतं. म्हणजे घालणं ही काळजी आणि न घालणं हा हलगर्जीपणा. रेखाने मन लावून घातलं. प्रयोग फसला. पुन्हा केला, आणखी काळजी घेतली, पुन्हा फसला. ती जितकी जपत गेली तितकं ते प्रोटीन मरत गेलं. ईडीटीए नव्हतं हे सांगावं असं मनात यायचं, पण सांगितलं तर म्हणणार, बघा, म्हणजे पहिलंच काम गलथान होतं, सडक्या प्रोटीनने काहीतरी खोटं दाखवलं. चौथ्या महिन्यातल्या मुलीने तोंड मिटलं. पुढे ते मिटलेलंच राहिलं. तेव्हापासून त्यांच्या कपाटात ईडीटीएच्या तीन बाटल्या असायच्या. संपायची पाळी पुन्हा कधी आलीच नाही.

संध्याकाळी घरी चारुदत्त शेंगा निवडत बसले होते. पुलांचे इंजिनिअर होते, आता निवृत्त. बायकोचा चेहरा बघून त्यांनी परात बाजूला सारली. रेखाकाकूंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"एवढंच?" चारुदत्त म्हणाले. "मला वाटलं गाडी ठोकून आलीस."

"अहो, एवढंच काय? त्या पोरीचे सात महिने गेले माझ्यामुळे."

"मग उद्या सांग तिला, एकदा ईडीटीए न घालता करून बघ म्हणावं. झालं. वही कशाला काढतेस? एकतीस वर्षांनी कोण विचारतं?"

"आणि चाललं तर?"

"तर तुझ्या अनुभवाला हार घालतील. घालून घे. महिनाअखेरीस तसाही घालणारच आहेत."

रेखाकाकूंनी एक शेंग सोलली. दाणा परातीत न पडता खाली गेला, तो शोधायला त्या वाकल्याही नाहीत.

सकाळी त्यांनी तेच केलं. वल्लरी बफरच्या बाटल्या मांडत होती, तेवढ्यात जवळ जाऊन सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "या वेळी ईडीटीए गाळून बघतेस का?"

"का?"

"बघ की एकदा."

"काकू, माझ्याकडे एकच चान्स आहे. तुमच्यात तर होतं, आणि चाललं. मग मी कशाच्या बेसिसवर गाळू? कॅरलने विचारलं तर काय सांगू, काकूंना स्वप्न पडलं?"

"मी सांगते म्हणून..."

"तुम्हीच तर शिकवलंत, कुणी सांगतं म्हणून काही करायचं नाही. वहीत आहे ते करायचं."

वल्लरीने ईडीटीएच्या बाटलीचं झाकण फिरवायला घेतलं. काकूंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"वहीत आहे ते मी केलं नव्हतं."

"म्हणजे?"

"बाटली रिकामी होती. ओळ आधी लिहून ठेवली होती. खोडली नाही."

वल्लरीने बाटली सावकाश खाली ठेवली.

"का नाही खोडली?"

"पान छान दिसत होतं."

"पान..." वल्लरीचा आवाज चिरकला. "काकू, सात महिने! डिसेंबरात मी घरी गेले नाही. आईला म्हटलं, माझं प्रोटीन फसतंय, मी येऊ शकत नाही. मी माझेच हात तपासत होते! मला वाटायचं माझ्याच हातात काही नाहीये."

"मलाही तेच वाटायचं," काकू म्हणाल्या. "एकतीस वर्षं."

"ते मला नका सांगू आत्ता. प्लीज."

ती कोट काढून बाहेर निघून गेली. काकू तिथेच उभ्या राहिल्या. रडू आलं नाही. आधी जी भीती वाटत होती तीच आता समोर उभी होती, आणि तिच्याकडे बघता येत होतं.

वीसेक मिनिटांनी वल्लरी परत आली ती दोन कागदी कप घेऊन. एक त्यांच्यासमोर आदळलाच तिने. मग स्टूल ओढलं, वही उघडली आणि पेन काढलं.

"बसा. व्हायवा आहे तुमची. पहिली ओळ. ट्रिस. खरंच घातलं होतं?"

"घातलं होतं."

"मोजून?"

"अगं, मोजून."

"दुसरी. मीठ?"

"हो."

"पाणी कुठलं?"

"जुन्या इमारतीतलं, दोनदा गाळलेलं."

"सातवी, ग्लिसरॉल?"

"थोडं जास्तच पडलं होतं."

"तेही लिहिलं नाही!"

"नाही."

"बाप रे, काकू. आणि माझ्या अक्षराला नावं ठेवता!"

आठ ओळी संपल्या तेव्हा दोघींचे चहा गार झाले होते. मग वल्लरीने कॅरलना बोलावलं. कॅरलनी उभ्यानेच सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, रेखा करते तसं करा," त्या म्हणाल्या. "म्हणजे कुणी तसं केलंच नव्हतं." मग वही रेखाकाकूंसमोर सरकवली. लॅबचा नियम असतो, खोडायचं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता यायला हवं, शेजारी तारीख आणि सही. रेखाकाकूंनी सहाव्या ओळीवर रेघ मारली. आयुष्यात पहिल्यांदा ती थोडी वाकडी आली.

चार दिवसांत प्रोटीन तयार झालं. वल्लरीने तीन नळ्या लावल्या. पहिलीत ईडीटीए न घातलेलं प्रोटीन, दुसरीत घातलेलं. तिसरीतल्या प्रोटीनमधून आधी ईडीटीएने धातू काढला, मग ईडीटीए धुऊन टाकलं आणि चिमूटभर जस्त परत दिलं. बुधवारी दुपारी पडद्यावर चित्र उमटलं. पहिल्या रकान्यात काळी ठसठशीत पट्टी, म्हणजे जीन चालू, दुसरा कोरा, तिसऱ्यात पुन्हा पट्टी, थोडी फिकी, पण स्पष्ट.

"उठलं," वल्लरी पुटपुटली. "जस्त दिलं आणि उठून बसलं! काकू, बघताय ना?"

काकू बघत होत्या. पण मान वर करून त्यांनी एवढंच विचारलं, "तू अजून चिडलीयस?"

"आहे ना. थोडी. डिसेंबरपर्यंत राहणार."

शुक्रवारी सेमिनारला त्या सगळ्यात मागच्या रांगेत बसल्या. टेक्निशियन मंडळी सहसा येत नाहीत तिथे. वल्लरी झोकात बोलत होती, पाहुणा, स्वयंपाकघर, निऱ्यांची पिन, सगळं इंग्रजीत बसवलं होतं पठ्ठीने. तीन रकान्यांचं चित्र आलं तेव्हा कमिटीतल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई पुढे झुकल्या.

"सुंदर. पण एक सांग, १९९३ मध्ये हे दिसलं होतं म्हणतेस. मग एवढी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

वल्लरीने मागच्या रांगेकडे पाहिलंही नाही. "रेकॉर्डमध्ये एक त्रुटी होती," ती म्हणाली, आणि पुढची स्लाइड शोधू लागली.

रेखाकाकू उठल्या. खुर्चीची सीट फटकन वर गेली, सगळ्या माना वळल्या.

"त्रुटी माझी होती," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मी जे करायला हवं होतं ते लिहिलं, जे केलं ते नाही. नंतर घाबरून सांगितलं नाही. या मुलीने मला ओळीन्‌ ओळ विचारलं, म्हणून ते सापडलं."

पांढऱ्या केसांच्या बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे पहिल्यांदा ते पाहणाऱ्या तुम्ही?"

"हो."

"तेव्हा तर फिल्म असायची. कसं दिसलं होतं?"

हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. रेखाकाकूंनी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"जुन्या इमारतीच्या तळघरात डार्करूम होती," त्या सांगू लागल्या. "एक लाल दिवा, बास. औषधाच्या ट्रेमध्ये फिल्म हलवत होते, काही म्हणजे काही दिसेना. म्हटलं, गेलं. मग कडेला जरासं करडं वाटलं. मला वाटलं डोळ्यांचा भास. मग ते गडद झालं, आणखी गडद. मी फिल्म वाळत घालायचं विसरून हातातच धरून उभी. पाणी कोपरापर्यंत ओघळलं, ब्लाऊजची बाही भिजली. हो, तेव्हा मी साडी नेसायचे. बाहेरून कुणीतरी दार वाजवत होतं. मी ओरडले, एक मिनिट!"

समोर पडद्यापाशी उभ्या वल्लरीने त्यांच्याकडे मान वळवली होती.

"आणि तेही खोटंच," रेखाकाकू म्हणाल्या. "चांगली दहा मिनिटं उभी होते मी आत."